'की नाही?' हा भरीचा शब्द आहे का?

प्रश्न असा आला आहे: लिहिताना नेटकं लिहिणारे वक्ते सभेत मात्र वाक्यागणिक 'की नाही?', 'बरं का', 'ना' लावतात. भाषण छापताना हे शब्द गाळावेत का?

या तिघांना एकाच पोत्यात भरू नये. 'बरं का'ला उत्तर नको असतं, लक्ष हवं असतं. 'ना' होकार गृहीत धरतो. 'की नाही?' म्हणून मात्र वक्ता थांबतो आणि समोरून आवाज आल्याशिवाय पुढे सरकत नाही. तो आवाजही गावागावाचा. कोल्हापूरकडचा वक्ता 'व्हय का न्हाई?' विचारतो, वऱ्हाडात सभा 'हाव' म्हणते.

गाडगेबाबांचं कीर्तन ऐका. नोव्हेंबर १९५६ मधलं वांद्र्याचं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. मुंबईत असूनही बोली वऱ्हाडीच. श्रोत्यांनी त्यांची बोली बदलली नाही, पण वाक्याचा साचा ठरवला तो श्रोत्यांनीच. बाबा एकेक सोपा प्रश्न टाकत जातात, लोक होकार भरत जातात, आणि शेवटच्या होकारात स्वतःच्याच अंधश्रद्धेच्या कबुलीवर सही करून बसतात. विधानांनी हे साधलं नसतं. (वारकरी कीर्तनात टाळकरी चरण उचलून धरतातच, ऐकणाऱ्याचा आवाज तिथे आधीपासून बसवलेला असतो.)

श्रोता समोर नसला तरी भाषा त्याच्याकडे झुकते. ॲलन बेल या भाषाशास्त्रज्ञाने न्यूझीलंडमधल्या रेडिओवर हे टिपलं आणि १९८४ साली सविस्तर मांडलं. वेलिंग्टनमध्ये तेच निवेदक दोन वेगळ्या केंद्रांवर बातम्या वाचत. राष्ट्रीय केंद्रावर 'बेटर'सारख्या शब्दातला 'ट' जास्त स्वच्छ, स्थानिक केंद्रावर तो जास्त वेळा 'ड'कडे कललेला. माणूस तोच, कामही तेच, बदलला तो फक्त ऐकणारा. म्हणून गावात 'व्हतं' आणि पुण्यात 'होतं' म्हणणाऱ्याला लगेच ढोंगी ठरवायला मी तयार नाही.

सगळ्यात मजा विधानसभेत. तिथे सदस्याने अध्यक्षांना उद्देशूनच बोलायचं असतं. समोरच्या बाकाला थेट 'की नाही?' विचारायची सोय नाही. मग 'की नाही'ची जागा 'अध्यक्ष महोदय' घेतं. दम घ्यायला अध्यक्ष महोदय, चिमटा काढायला अध्यक्ष महोदय, पुढचा मुद्दा आठवेपर्यंतही अध्यक्ष महोदय!

आता छपाईचं. 'बरं का' बिनदिक्कत कमी करा, दोनचार ठेवलेत की बोलण्याचा बाज राहतो. 'ना' वाक्य बघून. 'की नाही?' गाळण्याआधी मात्र ध्वनिफीत ऐका: सभेने उत्तर दिलं असेल, तर तो शब्द ठेवा आणि पुढे कंसात 'श्रोते: हो' असंही छापा.