मागं ९० किलोचा दोस्त आणि हंपीचा रस्ता

प्रश्न : मी कोरेगावचा. माझ्याकडं १५० सीसीची गाडी आहे, एकटा बऱ्याच ठिकाणी फिरलोय, महाबळेश्वर, कोकण वगैरे. आता डिसेंबरमध्ये जिगरी दोस्ताला मागं बसवून हंपीला जायचं चाललंय. पण तो ९० किलोचा आहे, त्याला गाडी येत नाही आणि मागं बसून आजवर कराडच्या पुढं कधी गेला नाही. सर्व्हिसिंग करून घेणारच आहे, अजून काय बघू? त्याला हेल्मेट घ्यायलाच पाहिजे का? आणि मध्ये कंटाळा आला तर थोडी गाडी त्याच्याकडं दिली तर चालेल का? – एक वाचक

उत्तर : भावा, आधी हेल्मेटचं मिटवून टाकू. घ्यायलाच पाहिजे, आयएसआय मार्कवालं, त्याच्या डोक्याच्या मापाचं. कायद्यानं मागच्यालाही सक्ती आहे, आपल्याकडं पण आणि कर्नाटकात पण. पावतीचं सोड, ९० किलोचा माणूस रस्त्यावर पडला तर तू त्याला कसा सावरणार आहेस ते सांग.

आता गाडी. तुझी सवय एकट्याची आहे आणि दोघं बसल्यावर गाडी वेगळीच वागते, हे सर्व्हिसिंगवाला सांगत नाही. मॅन्युअल काढ आणि गाडीवर किती वजन चालतं ते बघ, या साइजच्या बऱ्याच गाड्यांचा आकडा दीडशे किलोच्या आसपास असतो, म्हणजे तू ६५ चा असशील तर तुम्ही दोघंच १५५ झाला, बॅगा अजून चढवायच्याच आहेत. त्यामुळं कपडे दोन-दोन जोड, बाकी सगळं घरी. मागच्या टायरची हवा डबल सीटची वेगळी असते, चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्टिकर असतो त्यावर लिहिलेली असते, ती टायर थंड असताना भरायची, पंपापर्यंत वीस किलोमीटर पळवून नेऊन नाही. मागचा शॉकअप एकदोन खाचा कडक करून घे, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला बूड टेकेल. मागं वजन आलं की हेडलाइट वर उचलतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो, तो पण खाली करून घे. चेन फार ताठ ठेवू नको, दोघं बसल्यावर ती अजून ताणते.

सामान शक्यतो सॅडलबॅगमध्ये, खाली आणि दोन्हीकडं सारखं, सायलेन्सरच्या बाजूला बॅग चिकटत नाही ना ते बघून, नाहीतर वितळते. मोठी सॅक दोस्ताच्या पाठीवर द्यायची आयडिया सगळ्यांनाच येते, पण शंभर किलोमीटरनंतर त्याचे खांदे जातात आणि प्रत्येक पिकअपला ती त्याला मागं ओढते.

पण खरी तयारी गाडीची नाही, दोस्ताची करायची आहे. जायच्या आधी एका रविवारी हंपीला न्यायचं ते सगळं सामान बांधून त्याला यवतेश्वरच्या घाटानं कासला घेऊन जा. घाटात नवख्या माणसाची एक खोड दिसते, गाडी डावीकडं झुकली की तो घाबरून उजवीकडं झुकतो, आणि तुला वाटतं हँडल जाम झालं की काय. त्याला एवढंच सांग की ज्या बाजूला वळण आहे त्या बाजूच्या तुझ्या खांद्यावरून पुढं बघायचं, शरीर आपोआप बरोबर येतं. बसायचं-उतरायचं तू 'हां' म्हटल्यावरच, सिग्नलला पाय खाली टेकवायचे नाहीत, आणि ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आपटायला लागलं तर चूक तुझी, तू उशिरा आणि जोरात ब्रेक मारतोयस. दोघं असताना गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, ते कासच्या उतारावर नीट कळेल. कासहून येऊन तो म्हणाला की कंबर गेली, तर एसटी आहे, रेल्वे आहे, लाजायचं काय त्यात.

रस्ता साधारण पावणेपाचशे किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि तिथून गदग-कोप्पळ करत होस्पेट. एका दिवसात ओढू नको, बेळगाव नाहीतर धारवाडला मुक्काम कर. थांबायचं कधी ते तुझ्या नाही, त्याच्या पाठीवर ठरव, तासाभरानं पाच मिनिटं उतरायचंच. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळं डायव्हर्जनचं काही खरं नसतं. आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम, कराडपासून पार निपाणीच्या पुढपर्यंत उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, नुसती एक काळी भिंत हळूहळू चाललेली असते आणि ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला असतो. त्यामुळं उजाडल्यावर निघायचं आणि अंधारायच्या आत मुक्कामाला. तवंदी आणि वंटमुरीच्या घाटात उताराला गिअर खाली टाक, नुसत्या ब्रेकवर सोडू नको.

इन्शुरन्सची कॉपी काढून बघ. नुसतं थर्ड पार्टी असेल तर मागं बसणाऱ्याला कव्हर मिळेलच असं नाही, ते कंपनीकडून कन्फर्म करून घे आणि नसेल तर जायच्या आधी वाढवून घे. आरसी, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतं, तरी झेरॉक्स ठेव, मोबाइलची बॅटरी नेमकी पोलिसासमोरच संपते.

राहिलं गाडी त्याच्याकडं द्यायचं. चालवता येत नाही म्हणतोस, म्हणजे लायसन्स पण नसणारच. मग हंपीतल्या रिकाम्या गल्लीत पण नाही, कितीही हट्ट केला तरी. कंटाळा आला तर चहाला थांबा.