‘मृत्युदंडपात्र ज्यूरी’ म्हणावं का?

प्रश्न असा: अमेरिकेतल्या एका खुनाच्या खटल्याच्या बातमीत ‘डेथ-क्वालिफाइड ज्यूरी’चं मराठी ‘मृत्युदंडपात्र ज्यूरी’ असं केलं होतं. ते चालेल का?

नाही चालणार. मराठीत शिक्षापात्र म्हणजे ज्याला शिक्षा व्हायला हवी तो. या हिशेबाने आरोपी राहिला बाजूला आणि बाराच्या बारा ज्यूररच मरणाच्या दारात!

मुळात भानगड अशी आहे. तिथे मृत्युदंडाच्या खटल्यात साधारणपणे एकच ज्यूरी आधी दोष ठरवते आणि मग शिक्षेवरही निर्णय देते. म्हणून निवडीच्या वेळीच प्रत्येकाला विचारतात, कायद्याने मुभा दिली तर मृत्युदंडाचा विचार तरी कराल का? ‘कदापि नाही’ म्हणणारा वगळला जातो. या चाळणीतून उरलेले ते ‘डेथ-क्वालिफाइड’.

चाळणी किती बारीक असावी, यावर बराच वाद झाला. इलिनॉयमधल्या विदरस्पून खटल्यात 47 जणांना या कारणावरून घरी पाठवलं होतं. त्यातले फक्त 5 जण ‘काही झालं तरी मृत्युदंड देणार नाही’ असं स्पष्ट म्हणाले होते. बाकीच्यांच्या मनाला मृत्युदंड देण्याबद्दल नुसती टोचणी होती, आणि त्यातल्या बहुतेकांना खोदून न विचारताच वगळलं होतं. 1968 साली सुप्रीम कोर्टाने तो मृत्युदंड रद्द केला. पुढे 1985च्या विट निकालात कसोटी ठरली ती थेट शपथेची: या माणसाची मतं त्याला न्यायाधीशाच्या सूचनांनुसार आणि घेतलेल्या शपथेनुसार काम करण्यात मोठा अडथळा आणतील का? 1992 साली मॉर्गन खटल्यात उलट बाजूही मान्य झाली. दोष सिद्ध झाला की डोळे मिटून मृत्युदंडच देणाऱ्यालाही वगळायचं. त्यामुळे ‘मृत्युदंडाला अनुकूल ज्यूरी’ हेही भाषांतर बाद. अशी चाळलेली ज्यूरी आरोपीला दोषी ठरवण्याकडेच अधिक झुकते, ही टीका मात्र जुनी आहे, आणि मला ती पटते.

शपथा दोन असतात, हेही अनुवादात हरवतं. पहिली प्रश्नोत्तरांआधी, खरी उत्तरं देण्याची; दुसरी निवड झाल्यावर, पुरावा आणि कायदा पाहून कौल देण्याची. दोन्हींना ‘शपथ दिली’ म्हणावं. ‘शपथ घातली’ नको. शपथ घालते ती आई, ‘माझी शपथ आहे तुला, जेवून जा’ म्हणून. त्या प्रश्नोत्तरांचं नाव ‘व्वार दीर’. त्यातलं ‘व्वार’ फ्रेंचमधलं ‘पाहणे’ नव्हे, जुनं ‘सत्य’ आहे. ‘व्हर्डिक्ट’ही त्याच कुळातला.

आपल्याकडे ‘डेथ-क्वालिफाइड’साठी शब्द घडला नाही, कारण गरजच पडली नाही. 1959च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने 8 विरुद्ध 1 असा कौल दिला तो दोषी की निर्दोष एवढाच. शिक्षा ठरवणं न्यायाधीशाचं काम होतं.

मी बातमीत ‘मृत्युदंडाला सरसकट विरोध नसलेली ज्यूरी’ असं लिहीन. लांबतं, पण अर्थ पोचतो. जागा वाचवायला ‘मृत्युदंडा’ऐवजी ‘फाशी’ लिहायचा मोह होईल, तो टाळा. तिथे हल्ली बहुतेक वेळा विषारी इंजेक्शन देतात.