क्लोरीनच्या आधी काय काढावे?

प्रश्न : पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर त्यापासून अपायकारक संयुगे तयार होतात, असे वाचनात आले. मग क्लोरीनची मात्राच कमी करणे अधिक सुरक्षित नाही का?

उत्तर : नाही. जंतुनाशनात ढिलाई झाली तर कॉलरा आणि विषमज्वर लगेच पसरू शकतात, तर या संयुगांबद्दलची चिंता मुख्यतः वर्षानुवर्षांच्या सेवनाची असते. कमी करायचे आहे ते क्लोरीनशी अभिक्रिया करणारे सेंद्रिय द्रव्य.

पाने, मुळे, शेवाळ कुजून ह्युमिक आणि फल्विक आम्ले पाण्यात उतरतात. त्यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन आणि हॅलोॲसेटिक आम्ले तयार होतात. पाण्यात ब्रोमाइड असेल, तर ब्रोमीनयुक्त संयुगांची भर पडते. योहानेस रूक या डच रसायनशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा संबंध दाखवून दिला.

पाण्यातील ह्युमिक आणि फल्विक आम्ले काढण्याचा सर्वांत रुळलेला उपाय तुरटीचाच आहे, मात्र ती केवळ गढूळपणा घालवण्यापुरती वापरून भागत नाही. जार टेस्टमध्ये एकाच पाण्याच्या भांड्यांत तुरटीची मात्रा चढती ठेवून पाहिले, तर एखाद्या भांड्यात पुंजके तळाशी बसून पाणी स्वच्छ दिसू लागते, पण त्याच पाण्याचे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील शोषण मोजले तर ते अजून बरेच असते, म्हणजे विरघळलेले सेंद्रिय द्रव्य तिथेच राहिलेले असते. ते उतरवण्यासाठी मात्रा वाढवावी लागते आणि सामू (pH) सहाच्या आसपास आणावा लागतो. माझ्या मते डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेवर समाधान मानणे, ही या कामातील सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

तुरटीने मोठे, जलविरोधी रेणू चांगले निघतात. लहान, पाण्यात सहज मिसळणारे रेणू मागे राहतात. त्यांच्यासाठी सक्रिय कार्बन, आयन-विनिमय (भारित रेणू धरून ठेवणारे राळेचे मणी) किंवा नॅनोफिल्टरेशन (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणे) लागते. कार्बनची शोषणक्षमता मात्र संपते, त्यामुळे तो वेळच्या वेळी बदलावा किंवा पुन्हा सक्रिय करावा लागतो.

याखेरीज अनेक ठिकाणी कच्च्या पाण्यातच क्लोरीन टाकले जाते. ते गाळणीनंतर टाकल्यास तेवढ्याने ट्रायहॅलोमिथेन घटतात, परंतु जंतुनाशनाला पुरेसा संपर्ककाळ मिळतो आहे, याची खात्री करूनच हा बदल करावा. ट्रायहॅलोमिथेन नळवाहिन्यांतही वाढत राहतात. तपासणीचा नमुना केवळ जलशुद्धीकरण केंद्राच्या दाराशी न घेता पाणी सर्वांत उशिरा पोहोचते त्या नळावरचाही घ्यावा.