वाचकांचे प्रश्न : आजीची आठवण, लिखित आणि दगडावरची

प्रश्न : आमची आजी गेल्या मार्चमध्ये प्रभूत निजली. वर्षाच्या स्मरण उपासनेत तिचा जीवनवृत्तांत वाचायचा आहे. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९३९ आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर १९५८ साल आणि ‘जि. प. खानदेश’ असं आहे. नेमकं काय धरावं? आणि ‘प्रार्थनाशील, प्रेमळ होती’ यापुढे लेखणी सरकत नाही. (नवापूर)

उत्तर : १ जून पाहिलं की सावध व्हायचं. त्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनलाच यायचा, कारण नाव घालताना मास्तरांनी शाळेच्या हिशेबाने तारीख टाकलेली असायची. तहसील कचेरीत कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल मागा. मागताना माहेरचं गाव आणि तिच्या वडिलांचं नाव द्या. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. ‘मुलगी’ एवढंच असतं. आजीच्या नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. नोंद सापडलीच नाही तर ‘जन्म १९३९ च्या सुमारास’ असं सरळ लिहा.

१९५८ वरून जन्मसाल काढू नका. खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, समज आल्यावर, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. तो तिने स्वतः घेतलेला निर्णय आहे आणि वृत्तांतात जन्मतारखेपेक्षा त्याला जास्त जागा हवी. कुठे झाला, नदीवर की हौदात, कोणत्या पाळकांनी दिला, घरून विरोध होता का, हे मंडळीच्या रजिस्टरवरून आणि तिच्या वयाच्या बायकांकडून काढा. ‘जि. प. खानदेश’ने गोंधळायचं कारण नाही, ते ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ असं वाचायचं. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचा पुढे धुळे झाला आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार निघाला. म्हणून जुना कागद शोधताना धुळ्यालाही विचारावं लागतं.

आता ‘प्रार्थनाशील’. हा शब्द खोडा आणि त्या जागी ती काय करायची ते लिहा. पहाटे किती वाजता उठायची, चुलीपुढे बसून की खाटेवर, कोणाकोणाची नावं घ्यायची, कोणत्या क्रमाने? बायबल शुद्ध मराठीतलं आणि प्रार्थना मावचीत किंवा अहिराणीत, असं असेल तर तिचं एखादं वाक्य तिच्याच बोलीत ठेवा. ‘सुधारून’ घेऊ नका. मुलं-सुनांशिवाय शेजारच्या ख्रिस्ती नसलेल्या बाईलाही विचारा. बाळंतपणाला, आजारपणाला कोण धावून आलं, हे ती नेमकं सांगेल.

आवडीचं गीत देताना ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातला नुसता क्रमांक देऊ नका, पहिली ओळ द्या. घरातल्या सगळ्या प्रती एकाच आवृत्तीच्या असतील असं नाही. वचनासाठी नीतिसूत्रे ३१ सगळेच घेतात. तीमथ्याला दुसरं पत्र १:५ बघा. तिथे पौलाने तीमथ्याच्या आजीच्या, लोईसच्या विश्वासाची नावानिशी आठवण काढली आहे. नातवाने वाचायला याहून योग्य वचन मिळणार नाही. एकूण मजकूर ६०० शब्दांपर्यंत ठेवा, सहा मिनिटांत होतो. नातेवाइकांची यादी वाचू नका, ती पत्रिकेत छापा.

प्रश्न : आजोबांची कबर दोन वर्षांतच एका बाजूला खचली, फरशी तडकली. आजीची बांधताना काय करावं? (शहादा)

उत्तर : तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. त्यात खड्ड्याची भर अजून बसायची असते. म्हणून एक पावसाळा जाऊ द्या; तोवर साधा क्रूस आणि नावाची पाटी पुरे. दिवाळीनंतर कडेने एक फूट काळी माती काढून मुरूम भरा, पण एकदम नाही. चार-चार इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकून बसवा. त्यावर १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) चार इंच काँक्रीट, सात दिवस पाणी, मग बांधकाम. पाणी बाहेर पळेल असा थोडा उतार ठेवा. अक्षरं कोरूनच घ्या. नुसती रंगवलेली इथल्या उन्हात टिकत नाहीत. संगमरवर किंवा कडप्पा ॲसिडने धुऊ नका, तो दगडच खातो. आणि कोरण्याआधी मजकूर कागदावर दोघांनी तपासा, विशेषतः वचनाचा अध्याय-ओवी.

प्रश्न : आजीचं जुनं बायबल सुटं झालंय. लॅमिनेशन करावं का? (अमळनेर)

उत्तर : मुळीच नको, सेलोटेपही नको. टेपचा चिकटा पिवळा पडून अक्षरांत उतरतो आणि लॅमिनेशन परत निघत नाही. आधी खिडकीजवळ, ऊन थेट न पडता, पानांचे मोबाइलवर फोटो घ्या. पहिल्या-शेवटच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू टिपलेले असतात. समासातल्या पेन्सिलीच्या खुणाही घ्या, पुसू नका. सुटी पानं क्रमाने लावून धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर नको. मे महिन्यात तिथे पुठ्ठा आणि डिंक दोन्ही वाळून तडकतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी टाळा, आत दमट राहून बुरशी येते. कसर लागली का, हे दर दोन महिन्यांनी उघडून बघा.