'कडवट मूळ', कडू माणूस आणि मनाची जागल

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या प्रार्थनासभेत सारखं सांगतात की मनात कडवट मूळ ठेवू नका, हार्ट गार्ड करा. तर कटुता, कडूपणा, कडवटपणा यातला बरोबर शब्द कोणता? अन् धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणापायी दीर बोलणं टाकून बसलाय, त्याचा राग मनातून जात नाही, तर हेच ते कडवट मूळ काय?

आधी 'कडवट'चा निकाल लावतो, कारण हा शब्द बायबलातल्या त्या वचनाला ('कोणतंही कडू मूळ वर येऊन त्रास देऊ नये', इब्री नावाच्या पत्रातलं) चिकटवलेला ऐकला की माझं डोकंच फिरते. पिवळट म्हणजे जरासं पिवळं, काळपट म्हणजे जरासं काळं, तसं कडवट म्हणजे जरासं कडू, मेथीच्या भाजीसारखं. (आंबट-खारटचं गणित वेगळं आहे, ते मधात आणू नका.) इब्री 12:15 मधे जे मूळ आहे ते जरासं कडू नाही बाप्पा, चांगलं जहर आहे. कडू म्हणा, कडूपणा म्हणा. 'कटुता'ही चालते, पण कटुता हाच काय तो शुद्ध शब्द असं छातीठोक सांगणारे जे आहेत त्यांनी एकदा आयुर्वेदातले सहा रस वाचावे, तिथं कटु म्हणजे मिरे-सुंठीचा तिखट रस, आणि कडूला म्हणतात तिक्त. म्हणजे त्यांच्याच शुद्धतेनं गेलं तर मनातली कटुता म्हणजे मनातला ठेचा!

आता खरी मजा. ते मूळ म्हणजे भावना नाहीच, ते मूळ म्हणजे माणूस.

इब्रीकराच्या, म्हणजे इब्री पत्र लिहिणाऱ्याच्या, वचनामागं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं 29:18 आहे. मोआब देशात, यार्देन ओलांडायच्या आधी, मोशे लोकांना बजावतो की तुमच्यात कोणी पुरुष, बाई, कुळ किंवा वंश असा निघू नये ज्याचं मन देवापासून फिरून दुसऱ्या देवांमागं जाते, विष आणि कडूदवणा येणारं मूळ तुमच्यात नसावं. 'तुमच्यात' म्हणजे लोकांमधे, छातीत नाही. आपल्या वऱ्हाडात हे समजवायची गरजच पडायला नको, आपण माणसालेच कडू म्हणतो! 'लय कडू हाय थे पोट्टं' ही शिवी कोणाला माहीत नाही? माझं तर पक्कं मत आहे की मोशेचं ते मूळ आणि आपली ही शिवी एकाच अनुभवातून आल्या असतील, शेती करणाऱ्या माणसाच्या. वाडीतल्या एका वेलाचं वाळूक कडू निघालं की कोशिंबिरीची अख्खी गंजी फेकावी लागते, पाच वाळकं गोड होती हे कोणी मोजत नाही. 'पुष्कळ लोक भ्रष्ट होतील' असं इब्रीकर म्हणतो ते याच हिशोबानं. कोशात हा अंदाज सापडणार नाही, माझा आहे, कोणाला खोडायचा असंल तर खुशाल खोडा पण शेतात जाऊन खोडा.

आणि 'कडूदवणा' या शब्दासाठी मराठी भाषांतरकारांना दंडवत. आपला दवणा, चैत्रात देवाला वाहतात तो सुगंधी, आणि पॅलेस्टाईनची ती कडू वनस्पती, दोन्ही एकाच कुळातल्या, आर्टेमिसिया. नुसतं 'कडू झाड' लिहून मोकळं होता आलं असतं.

यावर हटकून कोणी म्हणते की इब्री 12:16 मधे लगेच एसाव येतो, अन् एसावानं तर भावाचा, याकोबाचा डूख धरला होता, म्हणजे मूळ हे डूखाचंच. धरला होता ना, कोण नाही म्हणते, पण इब्रीकरानं तो डूख काढलाच नाही. त्यानं काढलं ते जेवण, एका जेवणापायी वडीलकीचा हक्क विकला ते. आणि डूख धरणाऱ्या याच एसावानं पुढं उत्पत्ती 33 मधे धावत येऊन याकोबाला मिठी मारली आहे. हिश्श्यावरून फाटलेले भाऊ. यूट्यूबवर हे वचन घेऊन तासभर बोलणारे त्या पानापर्यंत येतच नाहीत. यवतमाळला 1953 पासून 1983 पर्यंत सेमिनरी (पास्टर घडवणारी शाळा) होती, मग ती पुण्याला गेली, तिथं शिकलेला कोणी जुना पास्टर गाठा, तो मागचा-पुढचा अध्याय उघडल्याबिगर बोलणार नाही.

ताई, तुमच्यासाठी त्या अनुवादातलं पुढचंच वचन बघा, 29:19. ते कडू मूळ स्वतःशी म्हणते, मी माझ्या हट्टानं चाललो तरी माझं भलंच होणार. म्हणजे त्याला घोर नाही. तुम्हाला घोर लागलाय, तुम्ही विचारत बसल्या, मग तुम्ही ते मूळ काऊन असाल?

मनातल्या रागाचं वचन वेगळं आहे, इफिस 4:31. तिथं कडूपणा, संताप, क्रोध, निंदा सगळं ओळीनं टाकून द्यायला सांगितलंय आणि 32 मधे कारणही दिलंय, ख्रिस्तात देवानं तुम्हाला क्षमा केली म्हणून तुम्ही करा. दीर चांगला वागला म्हणून नाही.

राहिलं 'हार्ट गार्ड करा'. हे ऐकून बँकेच्या दारातला बंदूकवाला डोळ्यापुढं येते. नीतिसूत्रे 4:23 मधलं हिब्रू क्रियापद आहे नात्सार, आणि ईयोब 27:18 मधे त्याच धातूचा नोत्सेर खोपडी बांधतो, म्हणजे रखवालदार, आपला जागल्या! नीतिसूत्रे 27:18 मधे अंजिराचं झाड राखणाऱ्यालाही हाच शब्द. म्हणून रक्षण नको, राखण म्हणा, आपल्या भागात सरळ जागल म्हणा. हरभऱ्यात रोही (नीलगाय) येतेच, डुक्कर येतेच, जागल्याला कोणी विचारत नाही की जनावर आलंच काऊन, ते आत बसून चरू नये एवढंच त्याचं काम. दिराचा राग मनात येणार, धुऱ्यावर गेलं की येणारच.

आणि रातभर एकट्यानं जागायचं असंही नाही. फिलिप्पै 4:7 मधे म्हटलंय की देवाची शांती तुमची अंतःकरणं ख्रिस्त येशूत राखील, अन् तिथलं ग्रीक क्रियापद फौजेच्या पहाऱ्याचं आहे, हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला धरायला दमास्कस शहरावर पहारा बसवला होता तिथंही (2 करिंथ 11:32) तेच क्रियापद. तो पहारा पौलाला पकडायसाठी होता, हा राखायसाठी.

जागल्याच्या त्या खोपडीला तुमच्या गावात काय म्हणतात तेवढं कळवा. माळा, मचान, खोप, एवढं माझ्याजवळ आहे. मेळघाटाकडचा वेगळा शब्द असंल तर आधी तो पाठवा.