अमेरिकेतले भारतीय एका पिढीत पुढे गेले, मग कृष्णवर्णीय अजून मागे का?

प्रश्नात तुम्ही पुढे असंही विचारलंय, की १९६४ मध्येच समान हक्कांचा कायदा झाला, तर साठ वर्षांनीही त्यांना सवलती कशाला हव्यात. हेच मी घरच्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही सिएटलच्या उत्तरेकडच्या भागात घर घेतलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच बांधलेलं. व्यवहार पुरा होण्याआधी टायटल कंपनीकडून, म्हणजे घराची मालकी तपासणाऱ्या कंपनीकडून, कागदांचा गठ्ठा येतो, तो सहसा कुणी वाचत नाही. मी वाचते. कुंपण किती उंच असावं, अंगणात कोंबड्या पाळू नयेत, गटाराची लाइन कुठून जाते, अशा अटींच्या मधोमध टाइप केलेलं एक कलम होतं. ही जागा गोऱ्या वंशाच्या माणसाखेरीज कुणाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तिथे राहू द्यायचं नाही. अपवाद एकच, गोऱ्या मालकाने घरकामाला ठेवलेल्या नोकराचा. म्हणजे ज्या घरासाठी आम्ही आयुष्याची पुंजी लावत होतो, त्यात मला एके काळी फक्त भांडी घासायला राहता आलं असतं.

एजंट म्हणाली, इथल्या जुन्या घरांच्या कागदांत हे सर्रास सापडतं, आता त्याला काही अर्थ नाही. कायद्याच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अशा अटी कोर्टांनी राबवायच्या नाहीत. तरी लोक त्या आपसात पाळत राहिलेच. तुम्ही म्हणता तो १९६४ चा कायदा हॉटेलं, शाळा, नोकऱ्या यांच्यासाठी होता, खाजगी घरांच्या खरेदी-विक्रीला तो लागूच नव्हता. त्याच १९६४ च्या मार्चमध्ये सिएटलच्या मतदारांना विचारलं गेलं, की घर विकताना वंश बघायला बंदी घालायची का? दुपटीहून जास्त मतांनी लोक ‘नाही’ म्हणाले. ही बंदी देशभर आली ती ११ एप्रिल १९६८ ला. मार्टिन ल्यूथर किंग यांना मेम्फिसमध्ये गोळी घातल्यावर अवघ्या एका आठवड्यात.

वास्तुशांतीला कॅलिफोर्नियाहून ताई आणि दाजी आले होते. जेवणं झाल्यावर मी तो कागद सगळ्यांना दाखवला. दाजींनी चष्मा लावून नीट वाचला, परत केला आणि म्हणाले, "बघ, एवढं सगळं असूनही आपण आलोच ना? मी आलो तेव्हा खिशात काय होतं? रडत बसलो नाही. कष्ट केले. यांना इथे जन्माला येऊन तीनशे वर्षं झाली, यांना कुणी अडवलंय?"

मी म्हणाले, "दाजी, अडवलंय कुणी ते तुमच्या हातातल्या कागदावरच लिहिलंय."

"अगं, ते जुनं झालं. तू उगाच सगळ्याचं राजकारण करतेस."

ताईने विषय बदलला. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

दाजी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जवळजवळ फुकट शिकले, वर्गात पहिल्या पाचांत होते, आणि इथल्या कंपनीने कागदपत्रं करून त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही, पण ते अनेक चाळण्यांतून निवडून आलेले आहेत. गावातल्या हुशारातल्या हुशार पोरांची तुलना दुसऱ्या गावच्या सगळ्या लोकसंख्येशी करायची आणि वर म्हणायचं, आमच्या गावची हवाच चांगली, तसला हा प्रकार. नायजेरियाहून आलेल्यांकडे बघा. तेही काळेच, आणि त्यांच्यातलं पदवीधरांचं प्रमाण अमेरिकेच्या सरासरीच्या वर आहे, कारण तेही असेच निवडून येतात. कातडी किंवा ‘संस्कार’ हे कारण असतं तर हे कसं झालं असतं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दाजींना येऊ दिलं कुणी? १९१७ च्या कायद्याने भारतीयांना इथे येण्याचीच बंदी केली होती. १९२३ साली भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टात हरले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात नोकरी केलेला माणूस, पण तो ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्व नाही. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला १०० भारतीय. ते सताड उघडलं ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने. त्या ऑगस्टमध्येच मतदान हक्काचा कायदा झाला होता. सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या कुणी, बर्मिंगहॅममध्ये अंगावर कुत्री सोडली कुणाच्या, मॉन्टगोमेरीत वर्षाहून जास्त काळ बसवर बहिष्कार टाकून पायपीट केली कुणी? कायद्यापुढे वंश बघायचा नाही हे या काळ्या लोकांनी देशाच्या गळी उतरवलं, म्हणूनच कुठल्या देशातून किती माणसं येऊ द्यायची हे ठरवणारा जुना कोटा टिकला नाही आणि आपण विमानात बसलो. ज्यांच्या लढ्यावर आपण आत आलो, त्यांनाच ‘तुम्ही मागे का’ असं विचारणं मला निलाजरेपणाचं वाटतं. शब्द कडक आहे, पण मागे घेणार नाही.

आता पैशाचं. माझ्या ऑफिसात एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय सहकारी होती, आता निवृत्त झाली. तिचे वडील महायुद्धातून परतलेले सैनिक. पगार चांगला, नोकरी पक्की, पण बँकेने घरासाठी कर्ज दिलं नाही. कर्जाला हमी देणारी सरकारी संस्था काळ्या वस्त्यांना धोक्याच्या मानायची आणि नकाशावर त्या लाल रंगवलेल्या असायच्या, आणि गोऱ्या वस्तीत माझ्या घरासारखं कलम. म्हणजे जिथे कर्ज मिळे तिथे राहता येत नव्हतं आणि जिथे राहता येई तिथे कर्ज नव्हतं. सिएटलमध्ये सेंट्रल डिस्ट्रिक्ट ही त्यांच्यासाठी उरलेली जागा. तिचे आईवडील तिथे जन्मभर भाड्याने राहिले. परतलेल्या सैनिकांच्या कर्जाला हमी देणारी जी सरकारी योजना १९४४ मध्ये आली तिचंही तेच. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत घर, शेती, धंद्यासाठी हमी दिलेली ३,२२९ कर्जं मोजली गेली, त्यातली काळ्या सैनिकांना २. त्या वर्षांत काही हजार डॉलरला गेलेली घरं आज लाखोंची आहेत, आणि त्याच घरांवर गोऱ्यांच्या दोन पिढ्या कॉलेजात गेल्या. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या (म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली अशा) गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर, काळ्या कुटुंबाची ४४,९००. ही दरी पगारातल्या फरकापेक्षा फार मोठी आहे, कारण पगार आजचा असतो, मालमत्ता आजोबांपासूनची.

कायद्यांनी काहीच झालं नाही असं मात्र मी म्हणत नाही. मिसिसिपीत १९६४ मध्ये काळ्या प्रौढांपैकी ६.७ टक्के मतदार यादीत होते, १९६७ पर्यंत जवळपास ६० टक्के झाले. तीन वर्षांत! केंद्राने अंमलबजावणीला माणसं पाठवली की काय होतं ते यात दिसतं. १९६८ च्या घरांच्या कायद्यात सुरुवातीला तसे दातच नव्हते, ते १९८८ च्या दुरुस्तीने आले. आपल्या लोकांना त्रास झालाच नाही असंही नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत टिकली लावणाऱ्या बायकांना, दुकानदारांना लक्ष्य करणारी टोळी होती. दाजी ती आठवण नेहमी काढतात, आणि त्यांचा राग खरा आहे. तेवढ्याच रागाने त्यांनी लाल नकाशे बघावेत, एवढंच माझं म्हणणं.

सवलतींबद्दल सविस्तर लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. कॉलेज प्रवेशात वंश विचारात घेणं जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केलंच आहे, आणि त्या खटल्यात आशियाई विद्यार्थ्यांवरचा अन्याय पुढे केला होता. आमच्या ओळखीच्या काही घरांत त्या दिवशी पेढे वाटले. माझ्या घरात वाटले नाहीत.

तुम्ही अमेरिकेत घर घेणार असाल तर गठ्ठा वाचा. असं कलम सापडलं तर वॉशिंग्टन राज्यात ते रद्दबातल असल्याची नोंद काउंटीच्या नोंदणी कार्यालयात करून घेता येते, फी लागत नाही. आम्ही केली. मूळ कागद दप्तरात राहतो, आणि तो राहावाच असं माझं मत आहे.