मध्ययुगीन इंग्लंडमधील रुग्णालयांना चॅपेल (छोटे ख्रिस्ती प्रार्थनागृह) कशासाठी जोडलेले असे, आणि त्याची रचना कशी असे?

आपल्या प्रश्नातील ‘जोडलेले’ हा शब्द मला उलटा करावासा वाटतो, कारण अनेक ठिकाणी चॅपेल हेच मुख्य असे आणि खाटांचे दालन त्याला जोडलेले असे. त्या काळचे ‘हॉस्पिटल’ आपल्या धर्मशाळेच्या अधिक जवळचे होते. तेथे वैद्य असेलच असे नाही, पाद्री मात्र लागेच. रोग्याला तपासणाऱ्या वैद्याने आधी त्याला पापनिवेदनासाठी पाद्री बोलावण्यास सांगावे, असा नियम 1215 मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मसभेने केला होता. शिवाय दात्याच्या आत्म्यासाठी आश्रितांनी प्रार्थना करावी, ही देणगीमागची उघड अपेक्षा असे.

हे सारे बांधकामात पाहायचे असेल, तर चिचेस्टरचे सेंट मेरीज हॉस्पिटल पाहावे. तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले त्याचे लांबलचक दालन पूर्व-पश्चिम आहे. मध्ये उंच लाकडी खांब, दोन्ही अंगांना पडव्यांसारखे भाग, आणि वर एकच अवाढव्य कौलारू छप्पर, ज्याचे पाख उतरत उतरत बुटक्या भिंतींवर टेकतात. पूर्वेच्या टोकाला चॅपेल असून दालन आणि चॅपेल यांच्यामध्ये भिंत नाही, कोरीव ओकचा आरपार दिसणारा पडदा आहे. त्यामुळे ज्याला उठवतही नव्हते, त्यालाही खाटेवरून मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, ऐकू येई. सतराव्या शतकात याच दालनात, छपराला हात न लावता, वृद्धांसाठी छोटी घरे बांधली गेली आणि त्यांची विटांची धुराडी कौलांतून वर काढली गेली. तेथे आजही वयस्कर मंडळी राहतात.

नॉरिचच्या ग्रेट हॉस्पिटलचे पुढे उलटेच झाले. बिशप वॉल्टर सफील्ड यांनी 1249 मध्ये स्थापलेल्या या संस्थेच्या चर्चच्या पूर्व भागाचे छत काळ्या गरुडांच्या 252 चौकटींनी रंगवलेले आहे. राजा दुसरा रिचर्ड याची राणी, बोहेमियाची ॲन, हिच्या सन्मानार्थ ते रंगवले असे सांगतात. धर्मसुधारणेनंतर 1547 मध्ये संस्था नगराच्या हाती आली, मधला भाग चर्च म्हणून राहिला, आणि दोन्ही टोकांना मधले मजले घालून रहिवाशांच्या खोल्या केल्या गेल्या. एके काळी वेदीवर पंख पसरलेले ते गरुड मग झोपलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यावर आले.